चाचणी आवृत्ती टाकली आणि ‘सगळं गेलं’: दर महिन्याला येणारी तीच तक्रार

शटर अर्धं वर गेलं की फोन वाजतो. पलीकडे शेजारच्या गावच्या ग्रामपंचायतीत बसणारा ऑपरेटर. “ताई, माह्या कॉम्प्युटरमधलं सगळं गेलं. बुकमार्क नाई, पासवर्ड नाई, काईच नाई. अन् इथं सकाळपासून लोकं बसून हायेत.”

मी विचारते, “काल रात्री काही नवीन टाकलं होतं का?”

जरा वेळ तो गप्प राहतो. मग सांगतो, “बीटा टाकला होता. आवडला नाई, म्हणून काढला अन् जुनाच पुन्हा टाकला.” बीटा म्हणजे ब्राउझरची चाचणी आवृत्ती, सगळ्यांसाठी यायच्या आधीची.

याच गोष्टीसाठी गेल्या काही महिन्यांत मला पाच जणांचे फोन आले. पाचही जण हुशार, रोज कॉम्प्युटरवर बसणारे. कोणाचंही काहीच गेलं नव्हतं. पण त्यातल्या दोघांनी घाबरून पुढे जे केलं, त्याने मात्र खरंच गेलं. म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून ठेवते आहे.

मी वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यात एका गावात सेवा केंद्र चालवते. दोन मशीन, एक इन्व्हर्टर, एक प्रिंटर, ठसा घ्यायचं एक यंत्र. दुसऱ्या मशीनवर मी मुद्दाम ब्राउझरची चाचणी आवृत्ती ठेवते आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना त्यावर बसवून बघते. कोण काय म्हणालं ते वहीत लिहिते. खाली जे आहे ते त्या वहीतूनच आलं आहे.

आधी हात आवरा

‘सगळं गेलं’ असं दिसलं, तर काही करायच्या आधी काय करायचं नाही ते वाचा.

ब्राउझर अनइन्स्टॉल करू नका. क्रोम काढताना शेवटी एक चौकट विचारते, ब्राउझिंग डेटाही पुसायचा का. घाईत तिथे टिक पडली की खेळ संपला. ‘कॉम्प्युटर साफ करणारं’ कुठलंही सॉफ्टवेअर चालवू नका. फायरफॉक्समध्ये प्रोफाइलची, म्हणजे तुमच्या बुकमार्क-पासवर्डच्या साठ्यांची यादी उघडली असेल, तर ‘रिमूव्ह’ या बटणाला अजिबात हात लावू नका. ज्या दोघांचं खरंच गेलं, त्यातल्या एकाने साफसफाई केली होती आणि दुसऱ्याने रिकाम्या प्रोफाइलऐवजी भरलेली प्रोफाइल काढून टाकली होती.

आता हे होतं कसं ते सांगते, कारण कारण कळलं की हात आपोआप थांबतो.

आपण ज्याला ब्राउझर म्हणतो त्या खरं तर दोन वेगळ्या वस्तू आहेत. एक म्हणजे प्रोग्राम, तो विंडोजच्या प्रोग्राम फाइल्समध्ये बसतो. दुसरी प्रोफाइल, म्हणजे तुमचे बुकमार्क, पासवर्ड, इतिहास, परवानग्या आणि झूम. ही प्रोफाइल तुमच्या विंडोज खात्याच्या अ‍ॅपडेटा नावाच्या लपवलेल्या फोल्डरमध्ये असते. अडतीच्या दुकानात मुनीम आणि खतावणी असते, तसंच हे आहे. मुनीम बदलला तरी खतावणी कपाटातच राहते.

अडचण अशी, की नवा मुनीम खतावणीत नवे रकाने आखतो. ब्राउझरची नवी आवृत्ती पहिल्यांदा उघडली की ती प्रोफाइलमधल्या नोंदी आपल्या नव्या पद्धतीने मांडून घेते. जुन्या आवृत्तीला ते रकाने वाचता येत नाहीत. तिने तरीही त्यात लिहायचा प्रयत्न केला तर वही खराब होऊ शकते. हे टाळण्यासाठी फायरफॉक्सने मे २०१९ मध्ये, ६७ व्या आवृत्तीपासून एक अडसर घातला. नव्या आवृत्तीने वापरलेली प्रोफाइल जुन्या आवृत्तीने उघडायला गेलं, की ‘तुम्ही जुनी आवृत्ती चालू केली आहे’ असा संदेश येतो आणि दोनच बटणं दिसतात: नवी प्रोफाइल बनवा किंवा बाहेर पडा. माणूस साहजिकच ‘नवी बनवा’ दाबतो. समोर कोरी वही उघडते आणि त्याला वाटतं सगळं गेलं. जुनी वही कपाटात जशीच्या तशी असते.

यात आणखी एक भर पडते. विंडोजवर नेहमीचं फायरफॉक्स आणि त्याची बीटा सहसा एकाच जागी बसतात, म्हणजे बीटा टाकली की ती नेहमीच्या आवृत्तीच्या डोक्यावर बसते. नाइटली आणि डेव्हलपर एडिशन या फायरफॉक्सच्या आणखी दोन चाचणी आवृत्त्या मात्र स्वतःच्या वेगळ्या फोल्डरमध्ये राहतात आणि प्रोफाइलही वेगळी घेतात. क्रोमचं गणित निराळं. त्याची बीटा, डेव्ह आणि कॅनरी ही प्रत्येक चाचणी आवृत्ती विंडोजवर नेहमीच्या क्रोमशेजारी वेगळी राहते आणि प्रत्येकीचा डेटा फोल्डर वेगळा असतो. त्यामुळे क्रोम बीटा पहिल्यांदा उघडल्यावर रिकामी दिसणारच. ‘गेलं’ म्हणून आलेल्या पाचपैकी एका बाईंची तक्रार फक्त एवढीच होती. त्यांचं सगळं शेजारच्या चिन्हात सुखरूप होतं. चिन्हं सारखी दिसतात, रंगात थोडा फरक असतो, आणि डेस्कटॉपवर तीस चिन्हं असली की तो फरक कोणाच्या लक्षात येणार?

परत मिळवायचं कसं

फायरफॉक्समध्ये पत्त्याच्या पट्टीत इंग्रजी अक्षरांत अबाउट, मग कोलनचं चिन्ह, मग प्रोफाइल्स असं सलग लिहा आणि एंटर दाबा. यादी येईल. त्यात दोन किंवा जास्त प्रोफाइल दिसल्या, तर तुमची वही तिथेच आहे असं समजा. प्रत्येकीखाली ‘रूट डिरेक्टरी’ म्हणून फोल्डरचा पत्ता असतो. तो फोल्डर उघडा आणि त्याचा आकार बघा. चार वर्षं वापरलेली प्रोफाइल शेकडो एमबीची असते, काल बनलेली अगदी लहान. पूर्ण फोल्डर कॉपी करून पेनड्राइव्हवर ठेवा. हे पहिलं काम, बाकी सगळं त्यानंतर.

पुढे दोन वाटा आहेत. काम आजच अडलं असेल तर बीटा पुन्हा टाका. वरच्याच यादीतून जुनी प्रोफाइल निवडली की ती विनातक्रार उघडेल. तिच्यातून बुकमार्क एका फाइलमध्ये बाहेर काढा, पासवर्ड दुसऱ्या फाइलमध्ये, आणि मग नेहमीच्या आवृत्तीत ते आत घ्या. एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते: पासवर्डची ती फाइल साधी असते, तिला कुलूप नसतं. नोटपॅडमध्ये उघडली तर सगळे पासवर्ड उघडे दिसतात. काम झालं की ती लगेच पुसा, रिसायकल बिनमधूनही पुसा. आपल्या मशीनवर दिवसभरात दहा माणसं हात लावतात.

थांबायची तयारी असेल तर दुसरी वाट जास्त सोपी आहे. फायरफॉक्स आणि क्रोम, दोघांचीही नवी आवृत्ती गेली काही वर्षं साधारण चार आठवड्यांनी येत आली आहे. आज जी बीटा आहे तीच महिन्याभरात नेहमीची आवृत्ती होते. नेहमीचा ब्राउझर त्या क्रमांकाला पोचला, की तीच प्रोफाइल तो मुकाट्याने उघडतो. त्या ऑपरेटरला मी आधी हेच सांगितलं. तो म्हणाला, “ताई, महिनाभर लोकायले काय सांगू?” बरोबर होतं त्याचं. मग आम्ही पहिल्या वाटेने गेलो. सकाळी साडेअकराला त्याचं काम सुरू झालं.

फक्त बुकमार्कच गेले असतील तर एवढा खटाटोपही नको. फायरफॉक्स बुकमार्कच्या पंधरापर्यंत प्रती आपणहून सांभाळून ठेवतं. बुकमार्कच्या मॅनेजरमध्ये ‘इम्पोर्ट अँड बॅकअप’ आणि त्यात ‘रिस्टोअर’ उघडलं की तारखांसह यादी मिळते. आणि कोणी ‘रिफ्रेश फायरफॉक्स’ दाबून बसला असेल, तर डेस्कटॉपवर ‘ओल्ड फायरफॉक्स डेटा’ नावाचं फोल्डर शोधा. जुनं सामान त्यात असतं. डेस्कटॉप स्वच्छ करायच्या नादात ते फोल्डर पुसू नका.

दुसऱ्या मशीनवर न्यायचं असेल तर एक फरक लक्षात ठेवा. फायरफॉक्सचा पूर्ण प्रोफाइल फोल्डर उचलून नेला तर पासवर्डही सोबत जातात, कारण कुलूप आणि किल्ली दोन्ही त्याच फोल्डरमध्ये असतात. क्रोमचं तसं नाही. विंडोजवर क्रोमच्या पासवर्डचं कुलूप तुमच्या विंडोज खात्याशी बांधलेलं असतं. फोल्डर दुसऱ्या मशीनवर नेला तरी पासवर्ड उघडत नाहीत. विंडोज नव्याने टाकायच्या आधी फक्त फोल्डर कॉपी करून निर्धास्त झालेल्या माणसाला हे नंतर कळतं, तेव्हा फार वाईट वाटतं.

“ठसा घेऊनच नाई रायला”

वहीतली सगळ्यात मोठी नोंद या तक्रारीची आहे, आणि हिच्यावर मी सगळ्यात जास्त रात्री घालवल्या.

सीतादही, म्हणजे वेचणीआधीची शेतातली पूजा, करून कापसाचा वेचा सुरू झाला होता. अशा दिवसांत शेतकरी केंद्रावर येतो तो अर्धा दिवस मोडून येतो. बाईमाणूस आली तर तिची वेचणीची मजुरी बुडते. एक काकाजी ई-केवायसीसाठी आले. बोट ठेवलं, लाल दिवा लागला, आणि पानावर ‘डिव्हाइस नॉट रेडी’. बोट पुसलं, पुन्हा ठेवलं. तेच. कष्टाच्या हातांचे ठसे झिजलेले असतात, हे आम्हाला ठाऊक आहे, म्हणून पहिला संशय बोटावर गेला. काकाजी हात पाहत म्हणाले, “माह्याच बोटात काई राह्यलं नाई का वं बाई?” ते वाक्य अजून मनातून जात नाही. दोष त्यांच्या बोटाचा अजिबात नव्हता.

हे यंत्र कसं काम करतं ते बघा. आधारच्या नोंदणीकृत यंत्रासोबत एक छोटा प्रोग्राम येतो, त्याला आरडी सर्व्हिस म्हणतात. तो तुमच्याच मशीनवर, १२७.०.०.१ या पत्त्यावर, ११,१०० ते ११,१२० या क्रमांकांच्या दारांपैकी एका दारामागे बसून वाट पाहतो. ब्राउझरमध्ये उघडलेलं पान त्या दारावर टकटक करतं, प्रोग्राम यंत्राकडून ठसा घेतो, कुलूपबंद करतो आणि पानाच्या हातात देतो. म्हणजे बाहेरचं एक संकेतस्थळ तुमच्या घरातल्या प्रोग्रामशी बोलतं.

ब्राउझर बनवणाऱ्यांच्या नजरेने पाहिलं तर हे धोक्याचं आहे, आणि त्यांचं म्हणणं मला पटतं. आज आधारचं पान टकटक करतं, उद्या एखादी जाहिरात तुमच्या राउटरच्या दारावर टकटक करेल. म्हणून क्रोमने ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेल्या १४२ व्या आवृत्तीपासून परवानगी विचारायला सुरुवात केली: हे पान तुमच्या स्थानिक नेटवर्कवरची उपकरणं शोधू आणि जोडू इच्छितं, अलाऊ की ब्लॉक? असे बदल चाचणी आवृत्तीत आधी दिसतात, म्हणून आमच्या दुसऱ्या मशीनवर ती चौकट आधी आली.

आणि ब्लॉक दाबलं गेलं. गेली तीन वर्षं मीच येणाऱ्या प्रत्येकाला शिकवत आले आहे की पान काहीही विचारू दे, नोटिफिकेशन असो की लोकेशन, ब्लॉक दाबायचं. तो सल्ला नोटिफिकेशनसाठी आजही बरोबर आहे. पण या एका प्रश्नाला, ओळखीच्या सरकारी किंवा बँकेच्या पानावर, उत्तर अलाऊ आहे. अनोळखी पानाने हाच प्रश्न विचारला तर ब्लॉक. दोन्ही लक्षात ठेवायला हवं, आणि आता मी तसंच शिकवते.

एकदा ब्लॉक दाबलं की ब्राउझर ते लक्षात ठेवतो, पुन्हा विचारत नाही. म्हणून ही तक्रार मशीन बंद-चालू करूनही जात नाही. उपाय असा: ते पान उघडं ठेवा, पत्त्याच्या डाव्या बाजूच्या छोट्या चिन्हावर क्लिक करा, साइट सेटिंग्जमध्ये जा, ‘लोकल नेटवर्क’ची (नव्या आवृत्तीत याच मशीनवरच्या अ‍ॅप्सबद्दलची) ओळ शोधा, अलाऊ करा, पान पुन्हा लोड करा. पत्ता एचटीटीपीएसने सुरू होतो ना, तेही बघा. साध्या एचटीटीपीच्या पानाला ही परवानगी मागताच येत नाही, त्यामुळे तिथे चौकट न येताच काम अडतं. तिथे आपल्या हातात काही नाही, संकेतस्थळ चालवणाऱ्यांनाच कळवावं लागतं.

एज आणि ब्रेव्ह हेही क्रोमच्याच पायावर, क्रोमियमवर उभे आहेत. म्हणून ‘क्रोम सोडून एज वापरा’ हा तोडगा कायमचा नाही. तोच किंवा तसाच बदल तिथेही आलेला असू शकतो.

परवानगी देऊनही ठसा येत नसेल तर ब्राउझरला सोडा. वायर दुसऱ्या यूएसबीत लावा. विंडोजच्या सर्व्हिसेसच्या यादीत आरडी सर्व्हिस ‘रनिंग’ दिसते का बघा. मग तेच पान दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडा. दोन्हीकडे अडलं तर नव्या आवृत्तीचा काही संबंध नाही.

वीज गेली, आली, आणि ‘सुरक्षित नाही’

ही तक्रार चाचणी आवृत्तीच्या नावावर उगाच जमा होते. सकाळी मशीन चालू केलं की प्रत्येक संकेतस्थळावर ‘तुमचं कनेक्शन खासगी नाही’. कालच नवा ब्राउझर टाकलेला असतो, म्हणून शिव्या त्याला.

घड्याळ बघा. आमच्याकडे दुकान बंद करताना मेन स्विच पाडायची पद्धत आहे, विजांच्या दिवसांत तर नक्कीच. मशीनला वीज नसताना तारीख-वेळ सांभाळते ती मदरबोर्डवरची तीन व्होल्टची गोल चपटी बॅटरी, सीआर २०३२. ती उतरली की सकाळी मशीनची तारीख कुठल्या तरी जुन्याच वर्षावर जाते. संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राला सुरुवातीची आणि शेवटची तारीख असते. मशीनच्या मते ती सुरुवात अजून झालेलीच नसते, म्हणून ब्राउझर दार लावून घेतो. मनगटी घड्याळाच्या दुकानातही मिळणारी ही बॅटरी बदलली की तक्रार संपते.

हे यापुढे जास्त जाणवेल. प्रमाणपत्राची कमाल मुदत आधी ३९८ दिवस होती. १५ मार्च २०२६ पासून ती २०० दिवस, मार्च २०२७ पासून १०० आणि मार्च २०२९ पासून ४७ दिवस असं ठरलं आहे. प्रमाणपत्रं जितकी ताजी, तितकं थोडं मागे पडलेलं घड्याळही नडणार. बॅटरी बदलेपर्यंत रोज सकाळी विंडोजच्या वेळेच्या सेटिंगमध्ये ‘सिंक नाऊ’ दाबा.

बाकीच्या पहिल्या प्रतिक्रिया

“हे तर लई स्लो हाय.” कृषी केंद्रवाल्या भाऊंनी दहा मिनिटांत निकाल दिला. पहिल्या दिवशी नवा ब्राउझर हळू वाटतोच. जुन्या ब्राउझरने रोजच्या पानांची चित्रं, अक्षरवळणं आपल्याजवळ साठवून ठेवलेली असतात, नव्याला सगळं पहिल्यापासून आणावं लागतं. त्यात आमचं नेट मोबाइलच्या टॉवरचं. शिवाय भाऊंनी तुलना करायची म्हणून दोन्ही ब्राउझर सोबतच उघडे ठेवले होते, चार जीबीच्या मशीनवर. मी वहीत एक नियम लिहून ठेवला आहे: वेगाबद्दलचं मत तिसऱ्या दिवशी विचारायचं. भाऊंनी तिसऱ्या दिवशी सांगितलं, “ठीक हाय, तेवढाच हाय.” जुन्या ग्राफिक्सच्या मशीनवर पडदा काळा होत असेल किंवा लुकलुकत असेल, तर ब्राउझरच्याच सेटिंगमधल्या ‘सिस्टिम’ भागात ग्राफिक्स अ‍ॅक्सिलरेशन बंद करून बघा.

निवृत्त गुरुजींना अक्षरं बारीक वाटली. नव्या प्रोफाइलला जुना झूम माहीत नसतो. कंट्रोल दाबून अधिकचं चिन्ह दाबलं, गुरुजी खूश. अभ्यासिकेतल्या मुलीला उभे टॅब फार आवडले, सराव प्रश्नपत्रिकांची वीस पानं उघडी असली तरी नावं वाचता येतात म्हणून. फायरफॉक्समध्ये हे मार्च २०२५ च्या १३६ व्या आवृत्तीपासून नेहमीच्या वापरातही आलं आहे, त्यासाठी चाचणी आवृत्तीची गरजच नाही.

पावती उघडत नसेल तर पॉप-अप अडवला गेलाय, पत्त्याच्या पट्टीतच चिन्ह दिसतं. सातबाऱ्याच्या कडा कापल्या जात असतील तर प्रिंटच्या चौकटीत कागद ए-फोर आहे का ते बघा.

विंडोज ७ वाल्यांसाठी वेगळं सांगते. क्रोमची १०९ वी आवृत्ती, जानेवारी २०२३ ची, ही त्या विंडोजवर चालणारी शेवटची. फायरफॉक्सचं तिथे ११५ वर थांबतं. नवी चाचणी आवृत्ती बसणारच नाही. ‘विंडोज ७ साठी नवीन ब्राउझर’ म्हणून कुठूनतरी फाइल उतरवू नका, त्यात काय भरलेलं असेल याचा नेम नाही. लोकांचे आधार आणि खाते क्रमांक आपल्या मशीनमधून जातात.

आणि याच कारणासाठी माझं ठाम मत आहे: ज्या मशीनवर गिऱ्हाइकाचं काम होतं, तिथे चाचणी आवृत्ती नको. ती अर्धकच्ची असते, आणि वापराची जास्त माहिती बनवणाऱ्याकडे पाठवणं तिच्यात सहसा सुरूच असतं, कारण ती त्यासाठीच असते. नवं बियाणं कोणी सगळ्या वावरात पेरत नाही, दोन ओळींत पेरून बघतो. दुसरं मशीन नसेल तर विंडोजवर वेगळं खाते उघडून त्यात शेजारी राहणारी आवृत्ती टाका, म्हणजे क्रोमची बीटा किंवा फायरफॉक्सची नाइटली किंवा डेव्हलपर एडिशन. मग जुनी प्रोफाइल तिच्या हाताला लागतच नाही.

मग चाचणी करायचीच कशाला?

कारण आपलं मशीन, आपला ठशाचा डबा, आपली मराठी पानं, हे सगळं एकत्र त्या बनवणाऱ्यांच्या टेबलावर नसतं. आपण सांगितलं नाही तर त्यांना कळायचा मार्ग नाही.

सांगितल्याचा उपयोग होतो, याचं एक उदाहरण. ब्राउझरचे क्रमांक दोन आकड्यांचे होते तोवर कित्येक संकेतस्थळांनी फक्त दोनच आकडे वाचायची सोय केली होती. १०० आला की ती १० समजून ‘तुमचा ब्राउझर जुना आहे’ म्हणणार, ही भीती होती. क्रोम १०० मार्च २०२२ मध्ये आणि फायरफॉक्स १०० मे २०२२ मध्ये यायचा होता. त्याच्या कितीतरी आधी दोघांनीही ‘मी १०० आहे’ असं आधीच सांगून बघायची सोय चाचणी करणाऱ्यांना दिली. ज्यांनी ती वापरली, त्यांनी अडणारी पानं शोधून कळवली.

कळवायचं कसं? क्रोममध्ये ऑल्ट, शिफ्ट आणि आय एकदम दाबलं की चौकट उघडते. फायरफॉक्सच्या मेनूत ‘रिपोर्ट ब्रोकन साइट’ आहे, आणि सविस्तर लिहायचं तर फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाचं बगझिला नावाचं तक्रारींचं संकेतस्थळ आहे. ‘चालत नाही’ एवढंच लिहिलं तर कोणी काही करू शकत नाही. आवृत्तीचा पूर्ण क्रमांक, विंडोज कोणती, कोणतं पान, काय दाबलं, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं, आणि नेहमीच्या आवृत्तीत तेच चालतं की नाही, एवढं लिहा. शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं, कारण त्यावरून बिघाड नवा की जुना ते कळतं. पडद्याचा फोटो जोडताना गिऱ्हाइकाचं नाव, आधार क्रमांक, मोबाइल नंबर सगळं झाका.

माझ्या वहीत सध्या एकच नोंद उघडी आहे, आणि ती मराठीची आहे. गुरुजी एका लांबलचक पानात ‘दुसऱ्या’ हा शब्द शोधत होते. समोर दिसत होता, पण कंट्रोल आणि एफ दाबून सापडत नव्हता. आधी मला वाटलं गुरुजींचं टंकलेखन चुकलं. तसं नव्हतं. आपला हा अर्धा र युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर अक्षरं साठवतो त्या पद्धतीत, दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एकात खाली टिंब असलेला ऱ, मग हलन्त, मग य. दुसऱ्यात साधा र, हलन्त, मग एक न दिसणारं जोडचिन्ह, आणि य. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, शोधणाऱ्याला वेगळे वाटतात. गुरुजींच्या कळफलकाने एक तऱ्हा दिली, पानात दुसरी होती. नेहमीच्या आवृत्तीतही आमच्याकडे तेच झालं, म्हणजे बिघाड नवा नाही.

‘सुधारणाऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘शेतकऱ्यांना’, असे कितीतरी शब्द यात अडकतात. सरकारी निर्णयाच्या पानात ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द शोधून सापडला नाही, तर वाचणारा समजेल की त्यात शेतकऱ्यांसाठी काही लिहिलेलंच नाही. मी दोन्ही तऱ्हांनी लिहिलेलं चार ओळींचं एक पान तयार केलं आहे, पायऱ्या लिहिल्या आहेत, गुरुजींनी वाचून तपासून दिलं आहे. आज रात्री वीज टिकली तर पाठवते.